चांदणीखालची माणसं

टॅमझिन आमच्या ऑफिसात आली त्याच दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली. पहिल्याच दिवशी बाई सगळ्यांसाठी केक घेऊन आली, आणि तोही घरी केलेला. आमच्याकडे केक आणायचा तो वाढदिवसाला, नाहीतर नोकरी सोडताना. येता येताच केक आणणाऱ्या माणसाला आपल्याकडून काहीतरी हवं असतं, एवढं तरी मी सरकारी आरोग्यखात्यात इतकी वर्षं काढून शिकले आहे.

हवं होतंच. दुसऱ्या दिवशी बैठकीत तिने सांगून टाकलं. आम्ही खाटांचे, रुग्णवाहिकांचे, ऑपरेशनच्या रांगांचे जे आकडे काढतो, ते म्हणे आता एक्सेलमध्ये हाताने जोडजोड करून काढायचे नाहीत. प्रत्येक पायरी कोडमध्ये लिहायची, म्हणजे दुसऱ्या कुणीही तो कोड चालवला तर तेच उत्तर आलं पाहिजे. आणि तो कोड इंटरनेटवर उघडा ठेवायचा, सगळ्यांना बघायला.

"सगळ्यांना म्हणजे?" मी विचारलं.

"सगळ्यांना."

"माझ्या शेजारणीला पण?"

"वाचायचा असेल तर तिलाही."

खोलीत सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मला तर आरपार दिसत होतं. आमच्या डोक्यातलं सगळं उतरवून घ्यायचं, आणि एकदा उतरवून झालं की आम्हालाच केक आणायला सांगायचं. मी तसं बोलूनही दाखवलं. टॅमझिन हसली नाही. मला ते आणखीच खटकलं.

आमचा साहेब क्लाइव्ह मात्र मान डोलवत होता. क्लाइव्ह माणूस वाईट नाही, पण वरून फोन आला की उभा राहून बोलतो.

त्याच महिन्यात त्याचा तो अहवाल निघाला. आमच्या जिल्ह्यातली डायलिसिसची छोटी केंद्रं बंद करून सगळं शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्यायचं, असा वरच्यांचा बेत होता. अहवालात ठळक अक्षरात लिहिलेलं होतं: शंभरातले नव्व्याण्णव रुग्ण तासाभरात शहरात पोचू शकतील. बंद करायच्या केंद्रांत पहिलं नाव स्केलबीचं होतं.

स्केलबीच्या त्या खोलीत माझे सासरे विल्फ आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घेतात. नवरा ट्रक घेऊन आठवडाभर बाहेर असतो, त्यामुळे शनिवारी त्यांना न्यायची पाळी माझी. राहतात ते खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला, थॉर्नरिगला. सबंध आयुष्य बसमध्ये तिकीट तपासनीस म्हणून काढलं. अजूनही माणसाकडे असं बघतात, जसं काही त्याने तिकीट काढलेलंच नाही.

मी त्यांना बातमी सांगायला गेले तेव्हा ते स्वयंपाकघरात बसले होते. गेल्या गेल्या मी किटलीला हात लावला. कोमट होती.

"दुसरा कप झाला का?"

"पहिलाच आहे."

"तुम्हाला दिवसाला किती पाणी चालतं ते माहीत आहे ना? सगळं फुप्फुसात जाऊन बसेल."

"तू माझी सून आहेस की पोलीस?"

मग मी अहवालाचं सांगितलं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मी तिकडे जाणार नाही, पोरी."

"म्हणजे काय? न जाऊन कसं चालेल?"

"घाट उतरून जायचं, चार तास खुर्चीत पडायचं, आणि बर्फ असलं की खालच्या वळशाने ओकत ओकत परत यायचं. तेही आठवड्यातून तीनदा. नको. त्यापेक्षा यंत्र बंद. डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलंय मी. पंधरा दिवसांत संपतं म्हणाल्या, फारसं दुखत नाही."

हे त्यांनी पावाला लोणी लावत सांगितलं. मला इतका राग आला की मी किटली उचलून सिंकमध्ये रिकामी केली. पण माणूस बोलतो ते करतो, हे मला माहीत होतं. स्केलबीची खोली गेली की विल्फ गेले.

ऑफिसात आल्यावर मी अहवाल पुन्हा उघडला. नव्व्याण्णव टक्के! अहो, मी गेले सहा हिवाळे शहराकडच्या त्या रस्त्याने गाडी हाकतेय. तासात पोचायचं म्हटलं तर हेलिकॉप्टर लागेल. नव्व्याण्णवांत विल्फ नाहीत, ठीक आहे. मग उरलेल्या एका टक्क्यात तरी असतील? मी गावांची यादी पाहिली. एका टक्क्यात दुसऱ्याच खोऱ्यातलं एक गाव होतं. थॉर्नरिग नव्हतंच. ना इकडे, ना तिकडे. माझे सासरे क्लाइव्हच्या हिशोबात जन्मालाच आले नव्हते.

मी क्लाइव्हच्या खोलीत गेले.

"हा आकडा कसा काढला?"

"नेहमीसारखा. रोलंडची फाईल आहे."

हे हिशोब करणारा रोलंड निवृत्त होऊन समुद्रकाठी राहायला गेला होता. त्याच्या फाईली मात्र अजून आमच्या मानगुटीवर बसल्या होत्या.

"फाईलमध्ये नुसते आकडे चिकटवलेत. सूत्रं कुठायत?"

"लॉरेन, तुला त्या अहवालाचं काम दिलेलं नाही," क्लाइव्ह हळूच म्हणाला. "आणि का दिलेलं नाही, ते तुला माहीत आहे."

माहीत होतं. विल्फमुळे. पण त्याच्या त्या हळू बोलण्याने माझी खात्रीच पटली. यांनी आकडा आधी ठरवला आणि हिशोब मागून केला. आणि टॅमझिन? ती तर यांचीच माणूस. कारण मी बाहेर पडले तेव्हा तिच्या स्क्रीनवर रोलंडचीच फाईल उघडी होती. पुरावे पुसत असणार.

दुपारी कॅन्टीनमध्ये मी तिच्या समोर जाऊन बसले. सँडविचचं पाकीटही उघडलं नाही.

"तू नक्की कुणाची आहेस?"

"कॉर्नवॉलची," ती म्हणाली.

"वेड पांघरू नकोस. रोलंडची फाईल कशाला उघडलीस?"

"कारण तिच्यातून तो आकडा मला पुन्हा काढता येत नाहीये. दोन दिवस झाले. कोणता आकडा कुठून आला, पत्ता लागत नाही." तिने चमचा खाली ठेवला. "तुम्ही का विचारताय? सासऱ्यांमुळे?"

म्हणजे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं तर.

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही," ती म्हणाली. "माझा तुमच्यावर नाही. क्लाइव्हचा दोघींवर नाही. म्हणूनच म्हणते, उघड्यावर करू या. मग कुणावर विश्वास ठेवायची गरजच पडणार नाही."

"आणि रुग्णांची नावगावं जगभर फिरली तर?"

"कोड म्हणजे आमटीची कृती झाली, आमटी नव्हे. माहिती इथे कुलपात राहणार. बाहेर जाणार ती फक्त कृती, आणि करून बघायला खोट्या रुग्णांची बनावट यादी."

पोरीला उत्तरं तयार होती. मला उत्तरं तयार असलेली माणसं आवडत नाहीत. पण माझ्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. खोऱ्यांची, गावांची, रस्त्यांची माहिती मला होती, कोड तिला येत होता. क्लाइव्हने कुरकुरत परवानगी दिली. "करा, कोण बघणार आहे तुमचं," म्हणाला.

आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. ती टाइप करायची, मी तिच्या बोटांवर नजर ठेवायची. मूळ माहिती जशी आमच्याकडे येते तशीच घेतली आणि कोड चालवला. तो पहिल्याच दणक्यात थांबला. लाल अक्षरात तक्रार आली: इथे आकडा हवा होता, आकडा नाही.

"काय आहे तिथे?" मी विचारलं.

टॅमझिनने ती ओळ दाखवली. थॉर्नरिग. आणि पुढे आकड्याच्या जागी एक चांदणी (*).

ती चांदणी मला चांगली ठाऊक होती. आमच्याकडे नियमच आहे: एखाद्या गावात एखाद्या आजाराचे रुग्ण आठाच्या आत असले, तर खरा आकडा बाहेर द्यायचा नाही, चांदणी लावायची. नाहीतर लोक बरोबर ओळखतात, की हा तर पोस्टाशेजारचा म्हातारा. नियम चांगला आहे, माणसाची लाज राखणारा. पण आमच्या खोऱ्यात कोणत्या गावात डायलिसिसचे आठ रुग्ण असणार? एकात दोन, एकात तीन, एकात विल्फ. गावामागून गाव चांदण्याच चांदण्या. रोलंडने खबरदारी म्हणून चांदण्या लावलेलीच माहिती मागवली होती आणि एक्सेलमध्ये बेरीज मारली होती. एक्सेल कमालीचं सभ्य. बेरजेत अक्षर दिसलं, खूण दिसली, की काही न बोलता पुढे जातं. कोड मात्र आमच्या खाटकासारखा, खोटं नाणं हातात ठेवलं की तिथेच बोंबलणार.

कुणी काही ठरवून केलं नव्हतं. लोकांची गुपितं जपता जपता आम्ही ती माणसंच हिशोबातून पुसून टाकली होती. खरं सांगते, क्लाइव्ह चोर निघाला असता तर मला बरं वाटलं असतं.

चांदण्यांखालचे खरे आकडे रीतसर मागवून घेतले आणि कोड पुन्हा चालवला. नव्व्याण्णवचे अठ्ठ्याऐंशी झाले. शंभरातल्या बारा जणांना तासाहून जास्त, आणि त्यातले बहुतेक स्केलबीच्या वरच्या गावांतले.

क्लाइव्हने स्क्रीनवरचा आकडा दोनदा वाचला.

"लोक म्हणतील, विल्फच्या सुनेने काढलेला आकडा आहे."

"म्हणू देत की. कोड उघडा आहे. ज्याला शंका आहे त्याने करून बघावं."

हे मी म्हणाले. मीच. टॅमझिनने नुसती भुवई उडवली.

लोक म्हणालेच. आठ दिवसांत स्केलबीभर झालं. शनिवारी मी विल्फना न्यायला गेले तर ते कोट न घालताच बसले होते.

"चला, उशीर होतोय."

"येत नाही."

"आता काय झालं?"

"सेड्रिकच्या दुकानात गेलो होतो. चार माणसांदेखत विचारलं त्याने, खुर्ची वाचवायला सुनेला किती दिले म्हणून." सेड्रिक म्हणजे गावचा खाटीक. शाळेत असताना विल्फनी त्याला विनातिकीट पकडून बसमधून उतरवलं होतं, ते तो अजून विसरलेला नाही. "मी कधी माझ्या सख्ख्या भावाला फुकट बसू दिलं नाही, लॉरेन. खरं सांग. आकडा फिरवलास?"

"नाही!"

"माझ्याकडे बघून सांग."

मी बघून सांगितलं. त्यांनी मला आपादमस्तक तपासलं आणि शेवटी कोट घातला. "आजच्यापुरतं," म्हणाले. "पण फुकटच्या खुर्चीत बसून मी जगणार नाही, आधीच सांगतो."

सोमवारी तो संदेश आला. वेल्समधल्या कुठल्याशा इस्पितळात आमच्यासारखंच काम करणारा कुणी एम्रिस. लिहिलं होतं, तुमचा कोड सापडला, आमच्या खोऱ्यांसाठी वापरतोय, फार उपकार झाले. एकच शंका आहे. स्केलबीच्या वरच्या गावांसाठी तुम्ही घाट बंद धरून खालच्या वळशाचा वेळ घेतलाय. बाकी सगळ्या खोऱ्यांना मात्र घाट चालू धरलाय. याला काही कारण?

मी भडकले. "हा क्लाइव्हने पेरलेला माणूस आहे. दुसरं काही नाही."

"असेलही," टॅमझिन म्हणाली. "पण ती ओळ बघा."

बघितली. ओळ होती. रस्त्यांची माहिती मी दिली होती, मीच. सहा हिवाळे मी त्या वळशाने गाडी नेली आहे, माझ्या लेखी तोच खरा रस्ता. बाकीच्या खोऱ्यांतून मी कधी गेले नव्हते, म्हणून तिथे नकाशा म्हणाला ते धरलं. मुद्दाम केलं का? नाही. नसावं. पण विल्फ जसे माझ्याकडे बघत होते तसं मीच माझ्याकडे बघायला लागले, आणि मला नजर देता येईना.

"गुपचूप दुरुस्त करता येईल?" मी विचारलं. लाज वाटली विचारताना, पण विचारलं.

"दुरुस्त करता येईल. गुपचूप नाही. जुनी ओळही दिसत राहते, कुणी बदलली तेही."

मी खुर्ची ओढली, ओळ बदलली, सगळ्या खोऱ्यांना एकच नियम लावला, घाट सगळीकडे चालू. खाली माझं नाव घातलं आणि कारण लिहिलं: स्केलबीला वेगळा रस्ता धरला गेला होता, चूक माझी. मग एम्रिसला उत्तर पाठवलं. आभार मानताना दात ओठ खात होते, पण मानले.

बारा टक्क्यांचे नऊ झाले. मी गावांची यादी वरून खाली वाचली. थॉर्नरिगसमोर लिहिलं होतं, अठ्ठावन्न मिनिटं. तासाच्या आत. ज्यांच्यासाठी मी एवढा आटापिटा केला तेच माझ्या हाताने यादीतून गळले होते. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि तोंड धुऊन परत आले.

गावकऱ्यांची बैठक स्केलबीच्या चर्चशेजारच्या सभागृहात होती. चहाचा पिंप, पिंपाशेजारी बिस्किटं, आणि मागच्या रांगेत, पिंपाकडे आशेने बघत, विल्फ. क्लाइव्ह मंचावर उभा राहिला आणि कागदावरून वाचून त्याने सरळ सांगितलं, की आधीचा आकडा चुकीचा होता. पहिल्यांदाच मला त्याचं कौतुक वाटलं.

सेड्रिक उठलाच. "चूक शोधली कुणी? विल्फच्या सुनेने ना? मग हा आकडा तरी कशावरून खरा?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उभी राहिले.

"मी त्यांची सून आहे. आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका, तेच बरं. मी हिशोबात आपल्या खोऱ्याला झुकतं माप दिलं होतं. वेल्समधल्या एका माणसाने ते पकडलं. त्याने स्केलबी कधी बघितलेलं नाही, विल्फना तर नाहीच नाही. ती चूक काढून टाकल्यावर जो आकडा उरला, तो क्लाइव्हने आता वाचून दाखवला. त्या नऊ टक्क्यांत विल्फ नाहीत."

"नाहीत म्हणजे?" सेड्रिक म्हणाला.

"ते तासाच्या आत पोचतात. खोली बंद करायची की नाही हे ठरवताना विल्फ जमेला धरलेलेच नाहीत."

सेड्रिक खाली बसला. कुणीतरी विचारलं, मग त्यात आहेत तरी कोण? मी म्हणाले, ते मला सांगता येणार नाही, तसा नियम आहे. तेवढ्यात दुसऱ्या टोकाकडून एक बाई उठल्या. लोकरीची टोपी, हाताला पट्टी गुंडाळलेली.

"मी आहे त्यात," त्या म्हणाल्या. "माझ्यावर कुणाला चांदणी लावायची गरज नाही. घ्या लिहून."

मग त्यांच्या मागचा एक जण उठला. मग आणखी एक. सेड्रिकने वळून पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला. तिसरा माणूस त्याचा सख्खा मामा होता.

महिन्याभराने कळलं की स्केलबी बंद करायचा प्रस्ताव मागे घेतला. पण ते नंतरचं. त्या दिवशी बैठक संपल्यावर मी विल्फना घरी सोडलं. गाडीत ते मला पाठ करून खिडकीकडे बसले. मला वाटलं, संपलं. मीच त्यांना हिशोबातून काढून टाकलं, ते मला कधी क्षमा करणार नाहीत. स्वयंपाकघरात आल्यावर त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"म्हणजे मी त्यात नाहीच?"

"नाही. अठ्ठावन्न मिनिटं."

"उन्हाळ्यात."

"उन्हाळ्यात."

त्यांनी किटलीत पाणी भरून ती चालू केली. मग मान हलवली, जशी एखाद्या प्रवाशाचं तिकीट बरोबर निघाल्यावर हलवत असतील.

"बरं झालं," म्हणाले. "आता कुणी म्हणणार नाही, खोली माझ्यासाठी ठेवली. सेड्रिकच्या दुकानात ताठ मानेने जाईन मी." आणि मी दाराशी पोचले तेव्हा मागून हाक आली, "शनिवारी वेळेवर ये गं. मागच्या खेपेला तुला दहा मिनिटं उशीर झाला होता."

मी बरं म्हणाले. किटली टेबलावर होती आणि तिच्या तोटीतून वाफ येत होती. त्या दिवशी मी तिला हात लावून बघितला नाही.